काळ्या मण्यांची बॉबिन

आईची एक बॉबिन हरवली आहे. हरवली म्हणणंही चूकच, कारण ती कुठे आहे हे मला पक्कं ठाऊक आहे. मी राहते त्या अमेरिकेतल्या ट्रॉयहून गाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर एका बाईंच्या काचेच्या कपाटात ती आहे, आणि त्या बाई ती देणार नाहीत. आई सांगलीला अंथरुणावर पडून आहे आणि तिला ती हवी आहे. खरं तर गोष्ट एवढीच आहे. पण मला ती कुणाला तरी सविस्तर सांगायची आहे, कारण ज्यांना सांगितली त्यांनी “अगं, काडीच ती!” म्हणून मला गप्प केलंय.

बॉबिन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिलाई मशीनमधली चकती येते. ही ती नव्हे. ही पेन्सिलीएवढी बारीक दांडी, लाकडाची नाहीतर हाडाची. वरच्या टोकाला खाच, त्या खाचेत दोरा गुंडाळायचा. खालच्या टोकाला तारेचं कडं आणि त्यात काचेचे मणी. भुशाने घट्ट भरलेल्या उशीवर नक्षीचा कागद लावायचा, त्यावर टाचण्या टोचायच्या आणि या दांड्या जोडीजोडीने एकमेकींवरून उलटसुलट टाकत लेस विणायची. सुई नाही, हूक नाही. मण्यांचं वजन दोरा ताणून धरतं आणि दांडी उशीवरून घरंगळत नाही. आईने पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा ती म्हणाली, “भातुकलीतली लाटणीच की गं ही!” अजूनही ती त्यांना लाटणीच म्हणते.

बाबा गेल्यावर आई पहिल्यांदा सहा महिने माझ्याकडे आली, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी आणि नवरा दिवसभर कामावर, लेक शाळेत. आई सकाळ-संध्याकाळ आमच्या सबडिव्हिजनला, म्हणजे इथल्या कॉलनीला, फेऱ्या मारायची. चार घरं सोडून एक गोऱ्या बाई राहायच्या, आईपेक्षा बऱ्याच मोठ्या, एकट्याच. गराज उघडं टाकून त्या दारात उशी मांडून बसायच्या. आई तिथे रोज थबकायला लागली. एक दिवस त्यांनी आतून दुसरी खुर्ची आणून ठेवली.

हातांना भाषा लागत नाही, असं लोक मोठ्या कौतुकाने म्हणतात. साफ खोटं आहे. पहिले कितीतरी शनिवार मी दुभाषी म्हणून त्या गराजमध्ये बसून काढले. “ही जोडी डावीकडून उजवीकडे गेली की टाचणी आधी का नंतर, विचार तिला.” मी विचारायचे. “त्यांना सांग, आधी नंतर असं नाही, मधे.” मी सांगायचे. दोघी माझ्याकडे न बघता माझ्यावर वैतागायच्या. पण आईचे हात तयार होते. सांगलीला आमच्या गल्लीत कुणाचंही लग्न निघालं की रुखवतातली क्रोशाची कामं आईकडे यायची. उन्हाळा संपेपर्यंत ती त्या बाईंच्या ग्रुपबरोबर दर मंगळवारी लायब्ररीत जायला लागली. आठ-दहा म्हाताऱ्या बायका आणि त्यात नऊवारी नाही पण पाचवारीवर स्वेटर घातलेली माझी आई. वर स्नीकर्स. लेक म्हणायची, “आजी, यू लुक सो कूल.” आई म्हणायची, “काय म्हणते गं ही?”

त्या बाईंकडे जुन्या बॉबिन्सचे खणच्या खण भरलेले होते. फेल्टच्या पट्ट्यांत गुंडाळून ठेवलेल्या. त्यांच्या आजीच्या काही, बाकीच्या जन्मभर गोळा केलेल्या. त्या एकेक काढून दाखवायच्या आणि आई पानाच्या डब्यातली सुपारी निवडावी तशी निवडून हातात घ्यायची. इंग्लंडच्या मधल्या भागातल्या खेड्यांत या अशा मण्यांच्या दांड्या असत. लाकडी दांडीत शिशासारख्या धातूचे ठिपके ओतले की तिला बिबट्या म्हणत, पट्टे ओतले की वाघ. एक दांडी आतून पोकळ होती, तिला बारीक खिडक्या पाडलेल्या, आणि आत नखाएवढी दुसरी बॉबिन खुळखुळत होती. तिचं नाव मायलेकरू. समुद्रकाठच्या परगण्यातल्या दांड्या मात्र साध्या, टोकदार, बिनमण्यांच्या, कारण तिकडच्या लेसमध्ये दांडी फासातून ओवून काढावी लागते आणि मणी अडकतात. बेल्जियमकडच्या खाली फुगीर, कांद्यासारख्या.

हाडाच्या दांड्यांवर नावं असत. बारीक भोकं पाडून, त्यात लाल-निळा रंग भरून, गोल गोल वर चढत जाणारी. मुलीवर जीव जडलेल्या पोराने तिचं नाव कोरून घ्यावं. आईने मेलेल्या बाळाचं कोरून घ्यावं. आणि कुणाला जाहीर फाशी दिली की त्या फाशीचीसुद्धा बॉबिन निघे, त्याचं नाव आणि दिवस घालून. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आणि त्यावर लेस विणायची? बाळाच्या टोपड्याची?” मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हो, टोपड्याचीच जास्त. पाच-सहा वर्षांच्या पोरींना या कामाला बसवत, डोळे जात, पाठी वाकत, आणि मग यंत्राची लेस आली आणि सगळं बसलं. उरल्या त्या दांड्या. त्या आता आमच्यासारख्या खुळ्या म्हाताऱ्या जमवतात, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी एक दांडी दाखवली. तिच्या कड्यात मण्यांच्या मधोमध शर्टाचं बटण होतं. त्यांच्या नवऱ्याचं. जुन्या बायकांची रीतच होती ती, म्हणाल्या. कड्यात मणी हवेतच, पण त्यात जे जवळचं असेल ते ओवायचं. गेलेल्या माणसाचं बटण, भोक पडलेलं नाणं, कुणी पाठवलेला शिंपला. काम करताना ते सतत बोटाशी येतं. मी हे आईला मराठीत सांगितलं. ती ते बटण बोटांत धरून उलटसुलट करत राहिली.

पुढच्या शनिवारी आईने पर्सच्या आतल्या कप्प्यातून रुमालाची गाठ काढली. तिच्यात आठ-दहा काळे मणी होते आणि एक पोवळं.

मला समजायला वेळ लागला. बाबा गेले तेव्हा मी वेळेत पोचले नव्हते. मी विमानात असताना सगळं उरकलं होतं. आमच्याकडे आता असलं काही करत नाहीत, असं मला चुलतभावाने नंतर सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. करत होते. बाबांना उचलायच्या आधी मोठ्या काकूने आईच्या गळ्यातलं तोडलं. वाट्या काढून डब्यात ठेवल्या आणि मणी कृष्णेत सोडायला म्हणून कागदात बांधले. आईने त्यातले थोडे रडता रडता मुठीत धरून ठेवले. घरात ठेवायची सोय नव्हती, कुणी बघितलं असतं तर चार गोष्टी ऐकवल्या असत्या. ते ती इथे घेऊन आली होती, दोन महिने पर्समध्ये बाळगत होती, आणि मला एका शब्दाने बोलली नव्हती. त्या गराजमध्ये मला एवढा संताप आला की मी उठून बाहेर ड्राइव्ह-वेवर जाऊन उभी राहिले. काकूचा, चुलतभावाचा, आईचाही. आत आल्यावर बघते तर दोघींनी काम सुरू केलं होतं.

बाईंनी आईला हाडाची एक जुनी दांडी दिली, कायमची. तिचं मूळचं कडं तुटलेलं होतं. नाव झिजून गेलेलं, शेवटची दोन अक्षरं तेवढी दिसायची, त्यातला लाल रंगही उडालेला. आईने तारेत काळे मणी ओवले, मधे पोवळं घातलं आणि पक्कडीने तार पिळली. बाईंच्या बाकीच्या दांड्यांत ती बॉबिन घेऊन तिने आमच्या घरातल्या देवघरासाठी लेस विणायला घेतली. देवघर म्हणजे क्लोजेटमधला एक कप्पा. त्याला पडदा हवा आणि पडद्याला लेस हवी, असं तिने ठरवून टाकलं होतं. विणताना ती ते काळे मणी बोटाशी घोळवत राहायची. उघड्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. बाबा गेल्यापासून मी तिला इतकी निवांत पाहिली नव्हती.

सहा महिने संपले आणि लेस अर्धीच झाली होती. आता या कामाची एक अडचण अशी की अर्ध्यावर बॉबिन काढून घेता येत नाही. प्रत्येक दांडीचा दोरा लेसमध्ये गुंतलेला असतो. एक काढायची तर दोरा कापावा लागतो, आणि कापला की ते काम गेलं. म्हणून उशी तशीच ठेवायची, वर कापड घालायचं. उशी बाईंची, स्टँडसकट त्यांच्या खिडकीपाशी असायची. “ये नेक्स्ट समर, इट विल वेट फॉर यू,” त्या म्हणाल्या. आईला एवढं इंग्रजी कळलं. तिने जाताना उशीला हात लावून नमस्कार केला.

पुढच्या उन्हाळ्यात आई येऊ शकली नाही. हृदयाच्या व्हॉल्व्हचं दुखणं निघालं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी विमानाला कायमचा नकार दिला. मी दोनदा तिकीट काढलं आणि दोनदा कॅन्सल केलं. व्हिसाचं स्टॅम्पिंग कधी होईल आणि परत कधी येता येईल याची कुणीच हमी देईना. नवरा म्हणाला, “यार, तू तिकडे अडकलीस तर जॉब जाईल, मग आपण सगळेच परत.” त्याचं चूक नव्हतं. आई फोनवर म्हणायची, “नको येऊस. मी बरी आहे. माझी उशी बघून येतेस ना?” मी बघून यायचे. बाई कापड उचलून दाखवायच्या, मी फोटो काढून पाठवायचे.

त्या वर्षी डिसेंबरमध्ये आम्ही मॉरिसव्हिलला दिराकडे तीन आठवडे गेलो होतो. परत आलो तर बाईंच्या अंगणात बर्फात पाटी रोवलेली. इस्टेट सेल, म्हणजे घरातल्या सगळ्या वस्तूंची विक्री. तीसुद्धा होऊन गेलेली. दार उघडं होतं आणि दोन माणसं कपाट बाहेर काढत होती. बाई पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं, मुलगा येऊन त्यांना दूर कुठल्याशा वृद्धांच्या होममध्ये घेऊन गेला होता. घर विकायचं होतं, म्हणून सगळं झटपट. मी आत गेले. खिडकीपाशी कार्पेटवर स्टँडच्या पायांचे तीन खळगे होते.

पाटीवरच्या नंबरवर फोन केला. “ओह, द लेस स्टफ? ते सगळं एका डीलरने उचललं, वन लॉट.” नाव सांगता येत नाही म्हणाला. मुलाचा नंबर मिळवला. तो भला माणूस होता, सॉरी सॉरी म्हणत राहिला, पण त्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. बाईंशी बोलणं करून दिलं त्याने. औषधांमुळे त्यांची जीभ जड झाली होती. त्यांनी मला दोनदा विचारलं की मी नर्स आहे का.

आईला मी त्याच आठवड्यात सांगितलं. उशी कुणी नेली एवढं तिने विचारलं. मग म्हणाली, “लेस जाऊ दे गं. ते मणी तेवढे बघ. मी जाताना माझ्याबरोबर असू देत.” मला रडू आलं आणि रागही आला. असलं मागणं मुलीकडे फोनवर करायचं असतं का? पण ती आणखी कुणाकडे करणार होती? सांगलीच्या घरात तर त्या मण्यांचं नावही काढायची सोय नव्हती.

मग मी शोधायला लागले. जुन्या बॉबिन्स विकणाऱ्यांच्या जेवढ्या साइट्स आहेत तेवढ्या पालथ्या घातल्या. लंच ब्रेकमध्ये, लेकीच्या स्विमिंग क्लासबाहेर गाडीत बसून, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून. माझ्या डोक्यात बिबटे, वाघ आणि मायलेकरं भरून गेली. चौकोनी मणी कानशीने दाबून केलेले असतात हे मला ओळखू यायला लागलं. हाड खरं की प्लास्टिक, मणी मूळचे की मागाहून लावलेले, यावर लोक पानंच्या पानं वाद घालतात, तेही वाचलं. हे सगळं शिकून मला काडीचा आनंद झाला नाही.

आणि एक दिवस ती दिसली. पांढऱ्या कागदावर आडवी ठेवलेली, शेजारी पट्टी. हाड पिवळट. शेवटची दोन अक्षरं. काळे मणी, मधे पोवळं. खाचेत आईने गुंडाळलेला पांढरा दोरा अजून होता, आणि त्याचं टोक कात्रीने कापलेलं. खाली लिहिलं होतं: हाडाची जुनी बॉबिन, व्हिक्टोरियन शोकमणी, अत्यंत दुर्मिळ. त्याखाली लाल अक्षरांत, सोल्ड.

शोकमणी म्हणजे तिकडच्या जुन्या काळात नवरा गेल्यावर बायका घालत ते काळे मणी. माझं डोकं फिरलं. नवरा आहे म्हणून घालायचे ते मणी, आणि हे लोक त्यावर शोकाची चिठ्ठी लावून विकतात! विकणाऱ्याला मी लांबलचक मेसेज लिहिला. त्याने तो विकत घेणाऱ्या बाईंकडे पाठवला. त्यांचं उत्तर आलं, अगदी सौजन्याने. त्यांच्या काचेच्या कपाटात शोकाच्या बॉबिन्सचा खास कप्पा आहे आणि ही त्यात फार दिवसांपासून हवी होती. तुमच्या आईंविषयी वाचून वाईट वाटलं. पण काळ्या मण्यांच्या बॉबिन्स बऱ्याच असतात, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मी आईचे फोटो पाठवले, उशीवर वाकलेली आई, बोटांत तीच बॉबिन. तेवढ्यावरून सांगता येणार नाही, असं त्यांनी कळवलं. मी म्हटलं, दांडी ठेवा, नुसते मणी द्या. कडं काढलं तर वस्तूची किंमत जाते, त्या म्हणाल्या, आणि शेवटी लिहिलं की कृपया पुन्हा लिहू नये.

मी इंडियन ग्रोसरीच्या काउंटरमागून काळे मणी आणून बघितले. आईला पाठवावेत असं मनात आलं होतं. पण आईची बोटं फसणार नाहीत हे मला माहीत होतं. ते मणी अजून किचनच्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

शेवटी एका शनिवारी सकाळी आईला व्हिडिओ कॉल केला आणि सगळं सांगितलं. तिकडे संध्याकाळ होती. ती खूप वाळलीय आता. फोन तिने स्वतःच्या हातात धरला होता. म्हणाली, “फोटो तरी दाखव.” मी स्क्रीन शेअर केली आणि फोटो मोठा केला. तिने चष्मा लावला.

“हीच,” ती म्हणाली. “दोरा कापलाय.”

“हो.”

“खाली काय लिहिलंय?”

मी सांगणार नव्हते, पण तिने पुन्हा विचारलं. सांगितलं. आणि सांगता सांगता माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. “अक्कल नाही यांना आई, शोकाचे म्हणे! मी लिहिलं त्या बाईला, हे सौभाग्याचं लेणं आहे, अगदी उलट अर्थ आहे याचा, तुम्ही गुगल तरी करा...”

“अगं, बरोबर लिहिलंय त्यांनी,” आई म्हणाली.

“बरोबर काय? मंगळसूत्राचे मणी आहेत ते!”

“तुझे बाबा आहेत का आता?”

ती अजून फोटोकडे बघत होती. “तिला एक कळव,” ती म्हणाली. “पोवळ्यापाशी तार नीट पिळली गेली नव्हती माझ्याकडून. ढिली आहे. सांभाळ म्हणावं, पोवळं पडेल.”

पुन्हा लिहू नका म्हणून सांगितलं होतं, तरी मी लिहिलं. काही मागत नाही, फक्त एवढंच, असं आधी लिहून मग लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं. कळवल्याबद्दल आभार. पोवळं त्या काळाशी जुळत नव्हतं, म्हणून ते आल्या आल्याच काढून टाकलं.

आई दर फोनला विचारते, “कळवलंस ना तिला?”

“कळवलं,” मी म्हणते.